क्लाउडवरचा क्वांटम संगणक: एका सिक्युरिटीवालीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू भौतिकशास्त्रवाल्यांसाठी नाही. सर्टिफिकेटं, किल्ल्या आणि त्यांच्या मुदती सांभाळणं हे माझं काम. कुठल्या सर्व्हरवर अजून जुनं आरएसए (मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड, या भरवशावर उभी असलेली एन्क्रिप्शनची पद्धत) आहे आणि कुठलं सर्टिफिकेट पुढच्या आठवड्यात संपतंय, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. क्वांटम संगणक भाड्याने देणारी एक क्लाउड सेवा गेले काही महिने वापरते आहे, ती एका वादापायी. क्वांटम हल्ल्याला टिकतील अशा नव्या पद्धतींकडे जाऊ या, असा प्रस्ताव मी मांडला. त्यावर आमच्या सरांनी एकच वाक्य टाकलं. "अहो, त्या मशीनला स्वतःचं उत्तर धड वाचता येत नाही. शंभरात एखादं बिट चुकतंच म्हणतात. ते आपलं आरएसए काय फोडणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य ऐकायला बिनतोड आहे. म्हटलं, वाचण्यातली ही चूक म्हणजे नेमकी काय चीज आहे, ते मशीनवरच जाऊन बघू.

सेवेचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या एकाच कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. सुपरकंडक्टिंग क्युबिटची (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचं बिट) मशीनं वापरायला देणारी कुठलीही सेवा घेतलीत तरी यातलं बरंचसं तुमच्याही वाट्याला येईल.

खातं उघडणं, टोकन घेणं, लायब्ररी बसवणं यात काही त्रास झाला नाही. पायथन येत असेल तर तासाभरात पहिलं सर्किट, म्हणजे क्युबिटवर करायच्या क्रियांची यादी, रांगेत लागतं. मला मनापासून आवडलं ते मशीनचं पान. चिपचा नकाशा असतो, त्यावर प्रत्येक क्युबिट रंगाने दाखवलेला. खाली तक्ता: कुठला क्युबिट किती मायक्रोसेकंद तग धरतो, कुठल्या जोडीचा गेट (क्युबिटवरची एक क्रिया) किती चुकतो, कुठल्याचं रीडआउट, म्हणजे वाचन, किती चुकतं. विक्रेत्याने आपल्याच मालातले दोष ओळीवार मांडून दाखवले, असं आमच्या क्षेत्रात सहसा बघायला मिळत नाही. फायरवॉलवाल्यांनी हे शिकावं.

आता मूळ विषय. सर्वांत सोपं सर्किट म्हणजे काहीच न करणं. क्युबिट शून्यावर आणायचा आणि लगेच वाचायचा. उत्तर कायम शून्य यायला हवं. हजारो शॉट मारले, म्हणजे हेच हजारो वेळा केलं, की काही वेळा एक येतो. मग उलटं केलं, एक गेट लावून क्युबिट एकवर नेला आणि वाचला. इथे चुकून शून्य येण्याचं प्रमाण पहिल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त. क्युबिट बदलले, दिवस बदलले, तरी कल तोच: एकाचा शून्य होतो जास्त, शून्याचा एक होतो कमी.

याचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढचं सगळं वाचण्यात गंमत नाही. क्युबिटला थेट कुणी बघत नाही. त्याच्या शेजारी एक रेझोनेटर असतो आणि त्याची वारंवारता क्युबिट शून्यात आहे की एकात यावर किंचित सरकते. त्या रेझोनेटरवर मायक्रोवेव्हचा हलका स्पंद सोडतात आणि परत येणारा सिग्नल मोजतात. हा सिग्नल मोजक्या फोटॉनचा. चिप असते निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्यावर. तिथून सिग्नल एकामागून एक अॅम्प्लिफायरमधून चढत बाहेरच्या तापमानापर्यंत येतो आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा गोंगाट पदरी पाडून घेतो. शेवटी उरतो एका प्रतलावरचा एक ठिपका. ठिपका रेषेच्या या बाजूला पडला तर शून्य, त्या बाजूला पडला तर एक.

या सेवेत हे कच्चे ठिपके मागवता येतात. रिव्ह्यूतून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा, कारण बरेच जण फक्त शून्य-एकचे आकडे घेऊन निघून जातात. ठिपके आलेखावर मांडले की दोन गोल पुंजके दिसतात. कडा एकमेकांत थोड्या मिसळलेल्या, ती झाली गोंगाटाची चूक. पण एकाच्या पुंजक्यातून शून्याच्या पुंजक्याकडे जाणारी ठिपक्यांची एक विरळ शेपटीही दिसते. वाचन चालू असतानाच जे क्युबिट खाली घसरले, त्यांची ही शेपटी. अर्धा वेळ एकात, अर्धा वेळ शून्यात, म्हणून ठिपका पडतो मधे कुठेतरी. क्युबिटचं आयुष्य शंभर-दोनशे मायक्रोसेकंद आणि वाचायला एक मायक्रोसेकंद धरला, तर पाव-अर्धा टक्का चूक इथेच ठरून गेली. उलट्या दिशेने शेपटी जवळजवळ नसते, कारण इतक्या थंडीत क्युबिट आपणहून वर फारसा चढत नाही. एका क्युबिटवर तर दोन्ही पुंजक्यांपासून बाजूला एक तिसरा, छोटासा झुबका दिसला. तो दोन नंबरच्या पातळीवर पळालेल्या क्युबिटचा. शून्य नाही, एक नाही, पण मशीनला काहीतरी एक सांगायचं असतं, म्हणून ते जवळच्या बाजूला ढकलून देतं.

हे बघितल्यावर एक गैरसमज साफ सुटतो. क्वांटम मोजमापात मुळातच अनिश्चितता असते ती वेगळी आणि ही चूक वेगळी. पहिली निसर्गाची, तिच्याशी भांडण नाही. आरएसए फोडायची क्वांटम पद्धत, म्हणजे शोरचा अल्गोरिदम, तिला धरूनच बांधलेला आहे. दुसरी यंत्राची, म्हणजे अॅम्प्लिफायरची, वायरिंगची, घाईची. यंत्राची चूक कमी करता येते. ऑक्सफर्डच्या गटाने २००८ मध्येच पकडून ठेवलेल्या एका आयनचं वाचन ९९.९९ टक्के अचूक करून दाखवलं होतं. लेझर मारायचा, आयन चमकला की एक अवस्था, नाही चमकला की दुसरी. वेळ सुपरकंडक्टिंगपेक्षा पुष्कळ जास्त लागला, दीडशे मायक्रोसेकंदांच्या आसपास, पण झालं. त्यामुळे "मोजमाप चुकतंच" हा जणू भौतिकशास्त्राचा नियम असल्यासारखं जे बोलतात, ते दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात.

तक्त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरात जो रीडआउटचा आकडा असतो तो सगळ्या क्युबिटचा मध्यक. साधारण एका टक्क्याच्या अलीकडे-पलीकडे. दिसायला छान. पण तुमच्या सर्किटला मध्यक क्युबिट मिळत नाही, त्याला नकाशावरचे ठरावीक शेजारी-शेजारी लागतात आणि त्यात कोपऱ्यातला एखादा दिवटा असतोच. शिवाय शेजारचे सगळे क्युबिट एकदम वाचायला घेतले की चूक वाढते, कारण स्पंद एकमेकांच्या वाटेत येतात. हे काही या सेवेचं गुपित नाही. गूगलने २०१९ मध्ये सायकमोर चिपचे आकडे जाहीर केले तेव्हा एकेकटा क्युबिट वाचताना चूक ३.१ टक्के आणि सगळे एकदम वाचताना ३.८ टक्के, असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिले होते. इथेही दोन रकाने द्यायला काय हरकत आहे? आणि कॅलिब्रेशन झाल्याची वेळ तक्त्यात बारीक अक्षरात कोपऱ्यात टाकलेली. रांगेत थांबून तुमचं काम लागेपर्यंत तो आकडा शिळा झालेला असू शकतो. दोन वेळा केलेल्या त्याच चाचणीत एखाद्या क्युबिटचा आकडा डोळ्यांत भरण्याइतका बदललेला मी बघितला आहे. ऑडिटमध्ये असा पुरावा कुणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी तो परत पाठवला असता.

वाचनातल्या चुका "कमी करण्याची" एक सोय सेवेत आहे, एका पर्यायावर टिक केलं की झालं. ती काय करते हे जरा उकलून सांगते, कारण जाहिरातीत ती फारच चमकदार दिसते. मशीन आधी ओळखीच्या अवस्था तयार करून वाचतं आणि कुठली अवस्था किती वेळा कशी वाचली गेली याचा तक्ता बनवतं. मग तुमच्या निकालावर तो तक्ता उलटा फिरवतं. आलेख खरोखर स्वच्छ होतो. पण एकदा निकालात एका अवस्थेची शक्यता उणे आली. उणे! अगदी किरकोळ, पण उणे. गणिताच्या दृष्टीने यात चूक नाही, उलट्या तक्त्यातून असं निघू शकतं. पण सॉफ्टवेअरने ते कुठलीही सूचना न देता समोर ठेवलं हे मला खटकलं. पूर्ण तक्ता बनवायचा तर १० क्युबिटला १,०२४ अवस्था लागतात, २० क्युबिटला दहा लाखांच्या वर. म्हणून प्रत्येक क्युबिटची चूक स्वतंत्र आहे असं गृहीत धरून काम उरकतात. वर सांगितलेली शेजाऱ्यांची ढवळाढवळ बघता ते गृहीतक किती खरं, हे तुम्हीच ठरवा.

रेणूची ऊर्जा काढणाऱ्यांना ही सोय उपयोगी आहे, कारण त्यांना सरासरी हवी असते. माझ्या कामाला ती निरुपयोगी. ती सरासरी सुधारते, एकेक शॉट सुधारत नाही. किल्ली फोडणाऱ्याला सरासरी नको असते, एक बरोबर उत्तर हवं असतं. तेव्हा "आमच्या सेवेत चुका दुरुस्त होतात" असं वाचून आरएसएची काळजी करायची गरज नाही, आणि त्याच पर्यायाचा दम संपतो म्हणून निर्धास्त व्हायचीही गरज नाही. त्याचा या प्रश्नाशी संबंधच नाही.

सेवेसोबत तयार उदाहरणं येतात. त्यातलं १५ चे अवयव पाडायचं उदाहरण सगळेच चालवतात, मीही चालवलं. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याचा प्रश्न आवर्तन शोधण्याच्या प्रश्नात बदलता येतो आणि ते आवर्तन क्वांटम संगणक चटकन शोधतो. आयबीएमने २००१ मध्ये सात क्युबिटवर १५ चे अवयव पाडले, २०१२ मध्ये २१ चे पाडले गेले. पुढच्या मोठ्या आकड्यांचे दावे ऐकलेत तर सर्किट उत्तर आधीच माहीत धरून आटोपशीर केलं आहे का, ते आधी बघा. इथलं १५ चं उदाहरणही तसंच आटोपशीर आहे आणि नोटबुकात ते कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. हा अप्रामाणिकपणा नसला तरी सोयीस्कर मौन आहे.

पण त्या उदाहरणातच मला सरांच्या वाक्याचं अर्धं उत्तर मिळालं. ७ चे घात १५ ने भागायचे आणि बाकी बघायची: ७, ४, १३, १, मग पुन्हा ७. आवर्तन ४. तीन क्युबिटवर मोजलं तर आदर्श मशीन ०००, ०१०, १००, ११० ही चार वाचनं सारख्या प्रमाणात देईल. ०१० आणि ११० वरून आवर्तन ४ निघतं. ००० वरून काहीच निघत नाही. १०० वरून २ निघतं, ते ताळ्यात बसत नाही. म्हणजे एकही चूक न करणाऱ्या मशीनवरसुद्धा निम्मी वाचनं टाकून द्यायची असतात! अल्गोरिदमच पुन्हा-पुन्हा प्रयत्न करायच्या हिशोबाने बांधलेला आहे. खऱ्या मशीनवर शेवटचं बिट, जे कायम शून्य असायला हवं, ते अधूनमधून एक आलं. काही बिघडलं नाही. आवर्तन ४ वरून ३ आणि ५ मिळाले, गुणाकार करून बघितला, १५. उत्तर शोधणं अवघड, तपासणं सोपं. म्हणून चुकीच्या वाचनाची किंमत फक्त आणखी एक प्रयत्न.

इथे थांबले असते तर सरांनी मला गणितात पकडलं असतं. २,०४८ बिटांच्या आरएसएला या पद्धतीत सुमारे ४,०९६ बिटं वाचावी लागतात. प्रत्येक वाचन ९९ टक्के बरोबर धरलं, तर सगळी बरोबर येण्याची शक्यता एकावर अठरा शून्यं एवढ्या प्रयत्नांत साधारण एकदा. आणखी एक प्रयत्न, आणखी एक प्रयत्न करत विश्व संपेल. एकच क्युबिट परत-परत वापरायची युक्ती केली तर आधीच्या वाचनावरून पुढचे कोन ठरतात, म्हणजे एक चूक मागे लागून पुढचीही वाचनं नासवते. तेव्हा उघडा क्युबिट वाचून आरएसए फुटणार नाही, इथे सर शंभर टक्के बरोबर.

पण उघडा क्युबिट वाचायचा कुणाचा विचारच नाही. शेकडो भौतिक क्युबिट मिळून एक तार्किक क्युबिट बनवायचा आणि तो वाचायचा तर ते सगळे वाचून त्यांच्यातला मेळ बघायचा, ही योजना आहे. त्यात सुटी-सुटी चूक बुडून जाते. खरा प्रश्न शेवटच्या वाचनाचा नाहीच, वाटेतल्या वाचनांचा आहे. एरर करेक्शन म्हणजे दर मायक्रोसेकंदाला हजारो-लाखो तपासनीस क्युबिट वाचत राहायचं आणि त्यावरून कुठे काय बिघडलं ते ताडायचं. वाचनच चुकलं तर नसलेला बिघाड दिसतो.

यासाठी मी सेवेवर सगळ्यात जास्त वेळ घालवला. सर्किट चालू असताना मधेच वाचायची सोय आहे, तिच्यावर एक साधा पुनरावृत्ती-कोड बांधला: डेटाचे क्युबिट एका ओळीत, प्रत्येक दोघांच्या मधे एक तपासनीस, "तुमच्या दोघांत फरक आहे का?" एवढंच विचारणारा. तपासण्या फेरीमागून फेरी चालू ठेवल्या आणि मागच्या फेरीपेक्षा वाचन जिथे बदललं तिथे तक्त्यात ठिपका मांडला: आडवे तपासनीस, उभ्या फेऱ्या. आणि तिथे दोन प्रकारच्या चुका अक्षरशः वेगवेगळ्या आकारात दिसायला लागल्या. डेटाचा क्युबिट उलटला की शेजारचे दोन्ही तपासनीस एकाच फेरीत बदलतात आणि तसेच राहतात. वाचनच चुकलं असेल तर एकच तपासनीस एका फेरीपुरता बदलतो आणि पुढच्या फेरीत मुकाट जागेवर येतो. पहिली चूक आडवी पडते, दुसरी उभी. तक्त्यावर नुसता डोळा फिरवला तरी कळतं.

सरांना मी हाच तक्ता दाखवला. वाचनातली चूक पकडण्यासाठी वाचन अचूक असावं लागत नाही, ते पुन्हा करावं लागतं. म्हणजे मोजमापातल्या चुकीची भरपाई वेळाने होते. अट एकच: चुकीचं प्रमाण एका उंबरठ्याच्या खाली हवं. सरफेस कोड नावाच्या प्रचलित पद्धतीत, गेट आणि वाचन सगळं धरून, तो एका टक्क्याच्या आसपास आहे. उंबरठ्याच्या वर असाल तर जितके जास्त क्युबिट तितका जास्त गोंधळ. खाली असाल तर जितके जास्त क्युबिट तितकी चूक झपाट्याने कमी. गूगलच्या विलो चिपने डिसेंबर २०२४ मध्ये हीच गोष्ट दाखवली: कोडचं अंतर (ते जितकं मोठं तितके जास्त क्युबिट आणि तितक्या जास्त चुका सोसायची ताकद) ३ वरून ५, ५ वरून ७ नेलं आणि दर पायरीला तार्किक चूक निम्म्याहून थोडी खाली आली. ७ अंतराच्या, १०१ क्युबिटच्या कोडला फेरीमागे ०.१४३ टक्के. किल्ली फोडायला हा आकडा अजून फार मोठा आहे. पण उतार कुठल्या दिशेला आहे ते कळलं.

मी वापरलेल्या सेवेवर तो उतार मला मिळाला नाही. मधलं वाचन संथ आहे, ते चालू असताना बाजूचे क्युबिट नुसते ताटकळत बसतात आणि बसल्या-बसल्या बिघडतात. फेऱ्या वाढवल्या की तक्ता इतका ठिपक्यांनी भरतो की उभं-आडवं ओळखू येईना. सर्किटमध्ये वाचनावरून पुढचा निर्णय घ्यायची सोय कागदोपत्री आहे, पण तिच्यावरच्या अटी दस्तऐवजात तीन वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या. सपोर्टला विचारलं तर उत्तर सभ्य आणि उशिरा आलं, आणि त्यात त्याच तीन पानांचे दुवे होते.

आता आरएसएचा हिशेब. क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो या संशोधकांनी २०१९ मध्ये अंदाज मांडला: २,०४८ बिटांचं आरएसए फोडायला दोन कोटी सदोष क्युबिट आणि आठ तास. गिडनी यांनीच मे २०२५ मध्ये नवा अंदाज दिला: दहा लाखांपेक्षा कमी क्युबिट आणि आठवड्याच्या आत. दोन्हीकडे हार्डवेअरबद्दलची गृहीतकं तीच: चुकीचं प्रमाण हजारात एक, फेरी एका मायक्रोसेकंदाची. म्हणजे मधल्या काळात मोजमाप सुधारलं म्हणून आकडा विसाव्या हिश्श्यावर आला असं झालं नाही. कागदावरचं गणित सुधारलं. सरांचं सगळं लक्ष मशीनच्या वाचनावर, आणि धोका जवळ आला तो फळ्यावरून. माझ्या सेवेतलं वाचन अजून त्या गृहीतकाच्या दहापट वाईट आहे, क्युबिट दहा लाखांच्या आसपासही नाहीत; उद्या काही फुटत नाही. पण ज्या फटीच्या भरवशावर थांबायचं, ती दोन्ही बाजूंनी बुजते आहे.

आणि थांबण्याचा हिशेब मशीन तयार होण्याच्या दिवसापासून लावायचाच नसतो. आज कुणी आपली देवाणघेवाण साठवून ठेवली तर ती नंतर उघडता येते. क्रिप्टोग्राफीचे संशोधक मिशेल मोस्का यांची बेरीज आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी, अधिक पद्धत बदलायला किती वर्षं लागतील, ही बेरीज मशीन यायच्या वर्षांपेक्षा मोठी असेल तर उशीर झालेला आहे. आमच्या काही नोंदी दशकभर जपायच्या असतात. बदलाला वर्षं लागतात, कारण कुठल्या डब्यात कुठलं आरएसए शिवून टाकलंय ते शोधण्यातच अर्धा काळ जातो.

पर्याय तयार आहेत. मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन मानकं जाहीर केली, किल्ली ठरवायला एमएल-केईएम, सह्यांसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. त्याच संस्थेच्या नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात २,०४८ बिटांचं आरएसए २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर बंद आहे. एमएल-केईएम-७६८ ची सार्वजनिक किल्ली १,१८४ बाइटांची, किल्ली ठरवायच्या आत्ताच्या एक्स२५५१९ पद्धतीची ३२ बाइटांची. जोडणीचा पहिला निरोप एका पॅकेटात मावत नाही आणि मधली जुनी उपकरणं अडखळतात. हे प्रत्यक्ष बसवताना कळतं. नवं आणि जुनं जोडीनेच बसवा. या मानकांच्या निवडीतला साइक नावाचा एक उमेदवार २०२२ मध्ये साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फुटला होता, तिथे क्वांटमची गरजही लागली नाही. प्रत्यक्ष माहिती कुलूपबंद करणाऱ्या एईएस-२५६ ला हात लावायचं कारण नाही.

सेवेच्या पानावर यादृच्छिक आकडे तयार करायचंही एक उदाहरण आहे, "खरी क्वांटम यादृच्छिकता" वगैरे. त्यातून किल्ल्या बनवू नका. क्युबिट अर्ध्यावर आणून वाचला की शून्य थोडे जास्त येतात, त्या घसरणाऱ्या शेपटीमुळेच. तो कल प्रक्रिया करून काढता येतो, पण आकडा दुसऱ्याच्या मशीनवर जन्मलेला आणि दुसऱ्याच्या लॉगमध्ये बसलेला असतो, त्यावर कुठली प्रक्रिया करणार?

गुण द्यायचे तर शिकायला पाचांपैकी साडेचार. कच्चे ठिपके आणि क्युबिटवार तक्ता, एवढ्यासाठीसुद्धा घ्यावी. एरर करेक्शन करून बघायला दोन. स्वतःच्या कंपनीचं एन्क्रिप्शन कधी बदलायचं हे या सेवेवरून ठरवायला शून्य. ते तिचं कामही नाही. आमचा प्रस्ताव आता मंजूर आहे, आधी किल्ल्यांची देवाणघेवाण, सह्या नंतर. सरांनी एक अट घातली आहे, बाहेरच्या प्रत्येक पुरवठादाराची जोडणी तपासायची. मी या सेवेपासूनच सुरुवात केली. ब्राउझरच्या सुरक्षेच्या टॅबमध्ये त्यांच्या डॅशबोर्डची जोडणी उघडून बघितली. किल्ली ठरवायला नुसतं एक्स२५५१९, शेजारी एमएल-केईएमचा पत्ता नाही. माझा ब्राउझर ते मागत होता, त्यांच्या सर्व्हरने दिलं नाही. सपोर्टला कळवलं आहे. ते बसलं की एकूण गुणांत अर्धा तारा वाढवीन.